आजोळची माणसे

दक्षिण कोरियातील बुसान बंदराच्या पश्चिमेस गिम्हे नावाचे नगर आहे. तेथे हिरवळीने आच्छादलेला मातीचा एक मोठा उंचवटा दिसतो. ती एका राणीची समाधी होय. काही वर्षांपूर्वी शरद ऋतूतील एका सकाळी मी तेथे उभा होतो. दुभाषा म्हणून एक तरुण कोरियन धर्मगुरू सोबत होते. जवळच बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला न्याहाळले व माझा देश विचारला. उत्तर कानी पडताच ते लगबगीने उठले आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या आजोळचे!"

या उद्गारामागील कथा अशी आहे. तेराव्या शतकात इर्यॉन नावाच्या बौद्ध भिक्षूने 'सामगुक युसा' या ग्रंथात कोरियातील प्राचीन आख्यायिका संग्रहित केल्या. त्यात गाया राज्याच्या उत्पत्तीची हकिकत येते. इ. स. ४२ मध्ये गुजी टेकडीवर आकाशातून सोन्याची पेटी उतरली. तीत सहा सुवर्ण-अंडी होती. त्यांतून सर्वप्रथम प्रकटला तो सुरो राजा. प्रधानांनी विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा आपली राणी स्वर्गच पाठवील, असे सांगून तो थांबून राहिला. ४८ साली नैऋत्येकडून तांबड्या शिडाचे एक जहाज आले. त्यात आयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक होती. तिच्या आईवडिलांना स्वप्नात दृष्टान्त झाला होता. पहिल्या खेपेस समुद्र खवळला व तिला माघारी फिरावे लागले. मग वडिलांनी जहाजात एक दगडी स्तूप ठेवला आणि प्रवास सुखरूप पार पडला. किनाऱ्यावर उतरताच तिने अंगावरील रेशमी वस्त्र उतरवून तेथल्या डोंगराच्या देवतेला अर्पण केले. परक्या मुलखात सासरी आलेल्या मुलीचे हे पहिले कृत्य मला फार हृद्य वाटते.

परंपरा पुढे सांगते, की राजाराणीच्या मुलांपैकी दोघांनी आईचे 'हो' हे आडनाव घेतले. बाकीचे गिम्हेचे किम झाले. या किम कुळात आज ४० लाखांहून अधिक लोक आहेत. किम आणि हो ही भावंडे मानली जात असल्याने त्यांच्यात सोयरीक न करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. कोरियाचे पहिले धर्मगुरू, १८४६ साली सोलजवळ हान नदीकाठी पंचविसाव्या वर्षी शिरच्छेद झालेले संत आंद्रू किम दे-गॉन, हेही याच गिम्हेच्या किम कुळातले. माझ्या तरुण सोबत्याने हे हसत हसत सांगितले आणि मला क्षणभर खरोखरच आप्तांच्या घरी आल्यासारखे वाटले.

तोच त्या वृद्धांनी विचारले, "फादर, तुमच्याकडच्या पोथ्यांत आमच्या आजीचे नाव आहे ना?"

काय उत्तर द्यावे? 'आयुता' म्हणजे अयोध्या, असे अनेकजण मानतात. २००१ साली शरयूच्या तीरावर राणीचे स्मारक उभे राहिले आणि २०१८ साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जंग-सूक तेथे येऊन गेल्या. परंतु इतिहासाची कसोटी कठोर असते. ज्या काळी राजकन्या निघाली असे म्हणतात, त्या काळी त्या नगरीचे प्रचलित नाव साकेत होते. थायलंडमधील अयुथया तर १३५१ सालचे, म्हणजे ग्रंथाच्याही नंतरचे. सुरोच्या समाधीच्या दारावरील जोडमाशांचे चित्र अयोध्येतही आढळते. पण ते दार बऱ्याच उत्तरकालीन जोसन काळातले आहे. स्तूपाचे तांबूस ठिपक्यांचे दगड समाधीशेजारी आजही आहेत. मात्र कोरियात बौद्ध धर्माला राजमान्यता मिळाली ती ३७२ साली. त्या काळी या भागात बौद्ध धर्म पोहोचलाच नव्हता, हे खुद्द इर्यॉननेही प्रांजळपणे नमूद केले आहे. निश्चित आहे ते एवढेच, की गायाचे लोखंड समुद्रमार्गे जपानपर्यंत जात असे आणि दूरची जहाजे या किनाऱ्याला लागत. ५३२ साली हे राज्य सिल्ला राज्यात विलीन झाले; कथा मात्र उरली.

हे प्रश्न मला परके नव्हते. संत बार्थोलोम्यू कल्याणला आले, असे आमच्याकडील वडीलधारी माणसे सांगत. सेमिनरीत इतिहास शिकताना कळले, की तेथील ख्रिस्ती लोकांचा व बिशपांचा उल्लेख सहाव्या शतकातील कॉस्मास नावाच्या प्रवाशाने केला आहे. तोही त्याने लिहिलेले 'कॅलियाना' म्हणजे आपले कल्याण असे धरल्यास. ते कळले तेव्हा माझे मन खट्टू झाले होते. म्हणूनच गोड होकार देण्याचा मोह झाला. पण अंगावर झगा असलेल्या माणसाने तसे करू नये. मी म्हणालो, "बाबा, आमच्या कोणत्याही जुन्या ग्रंथात त्यांचे नाव मला आढळलेले नाही."

वृद्ध बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "तरुणपणी मला हो घराण्यातली एक मुलगी करायची होती. वडील म्हणाले, ती तुझी बहीण लागते. मी ऐकले. तिचे लग्न दुसरीकडे झाले." दुभाष्याने खाली पाहतच ते वाक्य मला सांगितले.

माझ्या सत्यवचनाने काय केले, ते मला त्या क्षणी उमगले. ज्या कथेला मी पुराव्याच्या तराजूत तोलत होतो, तिची किंमत या माणसाने आयुष्याने चुकती केली होती. मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली. "तुम्ही खोटे बोलला नाहीत. ती कोठून आली हे तुम्ही शोधा. ती आली होती, हे आम्ही सांभाळतो."

मग त्यांनी समाधीपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले. मी बाजूला उभा राहिलो. आपण कोण म्हणून येथे उभे आहोत, आजोळचे की परके, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. निघताना मात्र त्यांनी पिशवीतले एक पेरू-फळ मला दिले. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, एवढेच म्हणाले.