ग्रंथिज्वर : ऋतू आणि वय

रोगाच्या लौकिक नावात समाजाचा अनुभव साठविलेला असतो. थंडी भरून येणारा तो हिवताप. काखेत वा जांघेत गाठ उठविणारा प्लेग मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणून ओळखला गेला. नाशिक जिल्ह्याने त्याचा दारुण अनुभव घेतला. १८९९ साली भगूर येथे विनायक दामोदर सावरकरांचे वडील त्यास बळी पडले. या रोगाला ऋतू होता. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात उंदरांवरील पिसवा तग धरीत नसत व साथ ओसरे.

मानेच्या गाठी सुजविणाऱ्या दुसऱ्या एका ज्वराचे वर्णन जर्मन वैद्य एमिल फायफर याने १८८९ साली केले व त्यास ‘ग्रंथिज्वर’ याच अर्थाचे नाव दिले. १९२० साली स्प्रंट व एव्हान्स यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींच्या लक्षणांवरून त्याला ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ म्हटले. नावापुरते साम्य असले तरी या ज्वराला प्लेगसारखा ठाम ऋतू सापडला नाही.

हवामानाचा शोध मात्र एका आडवाटेने त्याच्या कारणापाशी पोहोचला. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या अर्बुदाचे वर्णन डेनिस बर्किट याने १९५८ साली केले. उष्ण व पावसाळी प्रदेशांतच ते आढळते, हे पाहून एखादा कीटकवाहित विषाणू त्याच्या मुळाशी असावा, असा तर्क निघाला. १९६४ साली एपस्टाइन, अचाँग व बार यांना त्या अर्बुदाच्या पेशींत विषाणू दिसला. आणि १९६८ साली हेन्ले दांपत्याने तोच ग्रंथिज्वराचे कारण असल्याचे दाखविले. परंतु हा विषाणू लाळेतून पसरतो व सर्व हवामानांत आढळतो. अर्बुदाची भौगोलिक मर्यादा ठरविण्यात हिवतापाचा हात होता, असे पुढे मानले गेले.

मग ग्रंथिज्वराचे रूप कशावर अवलंबून? मुख्यतः वयावर. लहानपणी झालेला संसर्ग बहुधा लक्षणांवाचून किंवा किरकोळ तापावर निभावतो. तोच पंधरा ते चोवीस या वयात झाल्यास घसा, गाठी, ताप व दीर्घ थकवा असे पूर्ण चित्र उमटते. उतारवयात तो क्वचित होतो. तेव्हा गाठी व घसा यांची लक्षणे कमी असून ताप व यकृताचा विकार पुढे येतो. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यार्थ्यांत सुट्टीनंतर काही आठवड्यांनी रुग्ण वाढत, आणि त्यावरूनच होगलंड याने १९५५ साली लाळेतून होणाऱ्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. तेथे जो ऋतू भासला, तो सुट्टीच्या वेळापत्रकाचा होता.

या दृष्टीने चांदवडसारख्या गावाचा विचार उद्बोधक ठरतो. डोंगररांगेच्या कुशीतील या गावी कडक उन्हाळा, पाऊस व थंडी हे तीनही ऋतू स्पष्ट जाणवतात आणि रेणुकेच्या नवरात्रात यात्रेकरूंची दाटी होते. तेव्हा एखाद्या तापाचे कारण ऋतूत किंवा जत्रेत शोधण्याचा मोह साहजिक होय. परंतु एका ताटात जेवणारी व एका पाळण्यात वाढणारी भावंडे जेथे आहेत, तेथे हा संसर्ग बहुधा बालपणीच, कोणाच्या ध्यानात न येता होऊन जातो. मराठीत या ज्वराला रूढ लौकिक नाव नाही, याचा अर्थ तो नव्हता असा नव्हे. तो ओळखू येण्याच्या वयाआधीच येऊन गेला, असा अर्थ अधिक संभवनीय आहे.

घरे लहान झाली, भावंडे घटली की संसर्गाचे वय पुढे सरकते. मग ज्या तापाला आजीने नाव दिले नाही, तोच नातवाला वसतिगृहात अंथरुणाला खिळवू शकतो. त्या वेळी ‘हवा बदलली’ एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे वयाचा इतिहास ऋतूच्या खाती लिहिणे होय.