शाळेत बंदी, युद्धात गुपित: नवाहो भाषेची गोष्ट

मुलांना गुपित फार आवडतं. 'च'ची भाषा तर प्रत्येक वर्गात चालते. म्हणून सांकेतिक भाषेचा विषय निघाला की मी मुलांना नवाहो लोकांची गोष्ट सांगते.

नवाहो हे अमेरिकेच्या नैऋत्य भागातले आदिवासी. त्यांच्या मुलांना सरकारी निवासी शाळांत ठेवत, इंग्रजी नावं देत, घरची भाषा बोलल्यास शिक्षा करत. नवाहो बोलल्याबद्दल तोंड साबणाने धुतल्याची आठवण चेस्टर नेझ यांनी सांगितली आहे. 'चेस्टर' हे नावही शाळेनेच दिलेलं.

दुसऱ्या महायुद्धात जपानी लोक अमेरिकेचे गुप्त संदेश उलगडत होते. 1942 मध्ये मरीन दलाने 29 नवाहो तरुण घेतले, त्यांत नेझही होते. त्यांनी आपल्या भाषेतून संकेत रचले. रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, बॉम्ब म्हणजे अंडी, हातबॉम्ब म्हणजे बटाटे! इथे मुलं हमखास हसतात. जपान्यांच्या कैदेतल्या एका नवाहो सैनिकालाही या संदेशांचा अर्थ लागला नाही, कारण शब्द ओळखीचे असले तरी संकेत त्याला शिकवलेले नव्हते. 1945 मध्ये इवो जिमाच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी आठशेहून अधिक संदेश बिनचूक पोहोचवले.

गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहते. 1968 पर्यंत हे काम गुप्तच होतं. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आदिवासींना मतदानाचा हक्क 1948 मध्ये मिळाला, म्हणजे लढाई संपल्यावर तीन वर्षांनी. पहिल्या 29 जणांना सुवर्णपदकं 2001 साली मिळाली. तोवर त्यांतले बहुतेक हयात नव्हते.

आपल्या वर्गांतही 'हौ', 'नक्को' म्हणणाऱ्या मुलाला इतर मुलं हसतात. गोष्ट संपल्यावर मी मुलांचे गट करते आणि प्रत्येकाने घरच्या बोलीतला एकेक शब्द देऊन संकेत रचायचा असतो. दखनी, अहिराणी, कोकणी, जे घरी बोलतात ते. ज्याच्याकडे वेगळा शब्द, त्याच्याभोवती सगळे जमतात.

मात्र मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: नवाहो भाषा युद्धात कामी आली नसती, तर तिला कमी लेखणं बरोबर ठरलं असतं का? मुलं लगेच 'नाही' म्हणतात. मोठ्यांना हे उत्तर द्यायला वेळ लागतो.