परराष्ट्रव्यापाराच्या दोन दफ्तरांतील तफावत

एकाच मालाची नोंद दोन देशांच्या दफ्तरांत होते. धाडणाऱ्याकडे निर्यात म्हणून व घेणाऱ्याकडे आयात म्हणून. हे दोन आंकडे जुळावे अशी सामान्य समजूत आहे. परंतु ते क्वचितच जुळतात. आणि न जुळण्याचीं कारणें तपासल्यावांचून त्यांपैकीं एक प्रमाण मानणें संशोधकास शोभत नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिलें कारण मोजणीच्या रीतीचें. धाडणारा देश बहुधा जहाजावर चढविलेल्या मालाची किंमत लिहितो; घेणारा बहुधा तींत जहाजभाडें व विमा मिळवितो. वर्षाअखेरीस निघालेला माल पुढील वर्षीं पोंचतो, तो निराळाच. इंग्लंडांत १६९६ सालीं आयातनिर्यातीच्या वह्या सुरू झाल्या; त्यांतील बहुतेक दर अठराव्या शतकाच्या आरंभीं कायम झाले, व आयातीची खरी किंमत १८५४ पासून मांडली जाऊं लागली. तत्पूर्वींच्या आंकड्यांवरून मालाचें मान ताडतां येतें, बाजारभाव नव्हे.

दुसरें कारण वाटेंतील बंदराचें. १९९२ सालीं अमेरिकेच्या दफ्तराप्रमाणें चीनशीं व्यापारांत अमेरिकेस सुमारें १८ अब्ज डॉलरांची तूट आली; चीनच्या दफ्तराप्रमाणें तूट चीनचीच होती! दोघांसही तूट कशी येईल? पुष्कळसा माल हाँगकाँगमार्गें जाई. आयात लिहितांना प्रत्येक देश मालाचें मूळ पाही. निर्यात लिहितांना मात्र तोच माल बहुधा हाँगकाँगच्या नांवें पडे. शिवाय तेथील व्यापाऱ्यांचा नफा किंमतींत चढे. येथें कोणीं खोटें लिहिलेंच पाहिजे असें नाहीं.

तिसरें कारण लबाडीचें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांतील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत, शुल्काच्या भयानें मालाचें मान किंवा मूल्य कमी सांगणाऱ्याचा अधिक माल राजानें हरण करावा, अथवा त्यानें आठपट शुल्क द्यावें, असें सांगितलें आहे. मुंबईंत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनीं १९६४ सालीं तुर्कस्थानची आयात व तिच्या भागीदार देशांची निर्यात ताडून आयातीच्या किंमती कमी दाखविल्या जात असल्याचें निदर्शनास आणिलें. २००४ सालीं फिसमन व वेई यांनीं हाँगकाँगची चीनकडील निर्यात व चीनची तेथील आयात मालवार ताडली. कराचा दर शेंकडा एकानें वाढला कीं चुकवेगिरी सुमारें शेंकडा तीननें वाढते, असें त्यांस आढळलें.

तथापि तफावत दिसतांच चोरी सिद्ध झाली असें मानणें उतावीळपणाचें होय. प्रथम भाडें, काळ व मार्ग यांचा फरक वजा करावा. उरेल त्यावरच संशय घ्यावा. कौटिल्यानेंही व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहतां, व्यापाऱ्याच्या वेषांतील हेराकडून सार्थाचें प्रमाण राजास कळविण्याची योजना सांगितली आहे. ही दुसरी साक्षच होय.

पेशवे दफ्तरांतील जकातीचे हिशेब वाचतांनाही हाच नियम पाळावा. दोन नाक्यांचे आंकडे भिन्न निघाल्यास एक खोडून टाकूं नये. त्या फरकांतच मालाची वाट, आकाराची रीत, अथवा चुकविलेली जकात लपलेली असण्याचा संभव आहे. आणि तोच इतिहासाचा विषय होय.