राष्ट्राचा ध्वज आणि नागरिकाचा हक्क : हिवाळी ऑलिंपिकमधील लिख्टेनश्टाइन

लहान राष्ट्रांच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. मोठ्या राष्ट्राला आपले अस्तित्व सिद्ध करावे लागत नाही. त्याचे सैन्य, व्यापार आणि लोकसंख्या यांच्या बळावर ते गृहीतच धरले जाते. लहान राष्ट्राला मात्र आपण आहोत, आणि शेजाऱ्यांहून वेगळे आहोत, हे इतरांकडून मान्य करून घ्यावे लागते. आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या लिख्टेनश्टाइन या संस्थानाने १९३६ ते २०१८ या काळात हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत दहा पदके मिळविली. या घटनेचे वर्णन बहुधा लोकसंख्या आणि पदके यांच्या प्रमाणाचे नवल म्हणून केले जाते. परंतु प्रमाणाचे नवल हा अंकगणिताचा विषय झाला. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा असतो. जगाकडून मान्यता मिळविण्यासाठी या राज्याने ज्यांना पुढे केले, त्यांना स्वतःच्या घरात त्याने कोणती मान्यता दिली, हा तो प्रश्न होय.

लिख्टेनश्टाइनचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस ऱ्हाइन नदी व तिच्यापलीकडे स्वित्झर्लंड, पूर्वेस ऑस्ट्रिया, अशी त्याची स्थिती. १७१९ मध्ये ते पवित्र रोमन साम्राज्यांतर्गत संस्थान झाले आणि १८०६ मध्ये नेपोलियनच्या ऱ्हाइन संघात सामील होताना त्यास सार्वभौमत्व लाभले. १८६८ मध्ये त्याने आपले सैन्य विसर्जित केले. १८५२ पासून जकातीच्या बाबतीत ते ऑस्ट्रियाशी बांधलेले होते. पहिल्या महायुद्धात ते साम्राज्य कोसळल्यावर त्याने स्वित्झर्लंडकडे तोंड वळविले. परराष्ट्रांतील त्याचे प्रतिनिधित्व स्वित्झर्लंड करू लागला, १९२३ मध्ये उभयतांत जकातीचा करार झाला आणि स्विस फ्रँक हे त्याचे चलन बनले. अशा प्रकारे सैन्य नाही, स्वतःचे चलन नाही आणि जकातीची सीमाही स्वतःची नाही, असे हे सार्वभौम राज्य होते.

या परिस्थितीचा परिणाम १९२० मध्ये दिसून आला. त्या वर्षी लिख्टेनश्टाइनने राष्ट्रसंघात प्रवेश मागितला असता तो नाकारण्यात आला. राज्याचा अत्यल्प विस्तार, सैन्याचा अभाव आणि सार्वभौमत्वाची काही कार्ये इतरांकडे सोपविलेली असणे ही त्यामागील कारणे होती. राष्ट्रसंघाच्या दृष्टीने हे राज्य अस्तित्वात होते, पण राज्यांच्या पंक्तीस बसण्याइतके ते राज्य नव्हते.

ऑलिंपिक चळवळीची कसोटी याहून वेगळी होती. तेथे प्रश्न सैन्याचा किंवा जकातीचा नसून राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा होता. अशी समिती लिख्टेनश्टाइनमध्ये १९३५ साली स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथील हिवाळी सामन्यांत या देशाचे खेळाडू प्रथमच उतरले. ज्या राज्याला राष्ट्रसंघाने सोळा वर्षांपूर्वी परत पाठविले होते, ते येथे आपल्या नावाने आणि आपल्या ध्वजाखाली इतर राष्ट्रांबरोबर चालले. या पहिल्या चमूतील एक खेळाडू एडुआर्ड फॉन फाल्त्स-फाइन याने दोन जणांच्या बॉबस्लेड शर्यतीत, म्हणजे बर्फाच्या वळणदार घळीतून घसरत जाणाऱ्या गाडीच्या शर्यतीत, भाग घेतला. तो जन्माने रशियन साम्राज्यातील होता. १९१७ च्या क्रांतीनंतर त्याच्या कुटुंबाला देशत्याग करावा लागला आणि पुढे तो लिख्टेनश्टाइनचा नागरिक झाला. या देशाच्या ऑलिंपिक इतिहासाच्या आरंभीच बाहेरून आलेला मनुष्य उभा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बर्लिनच्या सामन्यांत एक चमत्कारिक बाब उघडकीस आली. निळा आणि तांबडा अशा दोन आडव्या पट्ट्यांचा लिख्टेनश्टाइनचा ध्वज हैतीच्या ध्वजासारखाच होता. तोवर दोन्ही ध्वज एकाच पटांगणावर एकत्र फडकण्याचा प्रसंग आला नसल्यामुळे हे साम्य कोणाच्या लक्षात आले नव्हते. १९३७ मध्ये कायद्याने निळ्या पट्ट्यावर सोनेरी राजमुकुट घालण्यात आला. ही हकीगत गमतीची म्हणून सांगितली जाते, परंतु तिचा अर्थ गंभीर आहे. आपले चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हाहून वेगळे असले पाहिजे याची जाणीव राष्ट्राला चार लोकांत गेल्यावरच होते. त्यातच यजमान जर्मनी नाझी सत्तेखाली होता. १९३८ मध्ये त्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि मार्च १९३९ मध्ये लिख्टेनश्टाइनमधील स्थानिक नाझींनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तो फसला. जर्मन भाषा बोलणाऱ्या या चिमुकल्या देशाला आपण जर्मनी नव्हे हे दाखविणारी प्रत्येक खूण त्या दिवसांत मोलाची होती. १९४८ मध्ये सेंट मोरिट्झच्या हिवाळी सामन्यांना जर्मनीला निमंत्रण नव्हते. लिख्टेनश्टाइनचे खेळाडू मात्र तेथे उपस्थित होते.

यानंतर १९५२ चा अपवाद वगळता हा देश हिवाळी सामन्यांत नियमाने भाग घेत राहिला, तथापि पदकासाठी त्याला १९७६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी जे घडले त्याची कारणे अगोदरच्या तीन दशकांत शोधावी लागतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा मुख्यतः शेतकऱ्यांचा देश होता. १९४१ मध्ये शान येथे स्थापन झालेल्या हिल्टीसारख्या कारखान्यांमुळे युद्धोत्तर काळात तेथे उद्योग वाढले आणि त्यांबरोबर समृद्धी आली. डोंगरातील माल्बुन हे उन्हाळी कुरणांचे ठिकाण हिमक्रीडेचे केंद्र बनले. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या स्कीविद्येत अग्रेसर असलेल्या देशांचे उतार अगदी शेजारी होते आणि १९६७ पासून सुरू झालेल्या जागतिक चषकाच्या अनेक शर्यती आल्प्स पर्वतातच होत असत.

खेळाचे स्वरूपही लहान राष्ट्राला अनुकूल होते. आल्पाइन स्कीइंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला तो १९३६ मध्येच, आणि तो पुरुष व स्त्रिया या दोघांसाठी. स्लालम शर्यतीत उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून झपाट्याने वळणे घेत खाली यावे लागते. जायंट स्लालममध्ये दांड्यांतील अंतर अधिक असते. डाउनहिल ही निव्वळ वेगाची शर्यत होय. या सर्वांत खेळाडू एकटा असतो आणि निर्णय घड्याळ देते. अकरा किंवा पंधरा तुल्यबळ खेळाडू एकाच वेळी उभे करणे लहान देशाला अवघड जाते, पण दोन-तीन कुटुंबांतील मुले चांगली तयार झाली तर अशा खेळात जगाशी बरोबरी करता येते. लिख्टेनश्टाइनमध्ये नेमके हेच घडले. विली आणि पाउल फ्रोमेल्ट हे भाऊ, तसेच हान्नी आणि आंद्रेआस वेंत्सेल ही भावंडे, या दोन घरांनी दहापैकी आठ पदके मिळविली.

हान्नी वेंत्सेलचा जन्म १९५६ मध्ये जर्मनीत झाला. ती वर्षभराची असताना तिचे कुटुंब लिख्टेनश्टाइनमध्ये येऊन राहिले. या देशात नागरिकत्व सुलभ नसते. परकीयांना नागरिक करून घेण्याच्या बाबतीत गावकऱ्यांच्या मताला तेथे मोठे वजन आहे. १९७४ मध्ये सेंट मोरिट्झ येथील जागतिक स्पर्धेत हान्नी स्लालममध्ये विजयी झाली आणि त्या विजयानंतर वेंत्सेल कुटुंबाला नागरिकत्व देण्यात आले. ऑलिंपिकमध्ये ज्या देशाकडून खेळावयाचे त्याचे नागरिकत्व आवश्यक असल्यामुळे तिचा मार्ग आता मोकळा झाला. घटनांचा क्रम येथे बोलका आहे. आधी कीर्ती आली, मग नागरिकत्व.

१९७६ मध्ये इन्सब्रुक येथे हान्नीने स्त्रियांच्या आणि विली फ्रोमेल्टने पुरुषांच्या स्लालममध्ये कांस्यपदक मिळविले. ही देशाची पहिली पदके. चार वर्षांनी लेक प्लॅसिड येथे हान्नीने स्लालम व जायंट स्लालम या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक आणि डाउनहिलमध्ये आनेमारी मोझर-प्रोलच्या मागोमाग रौप्यपदक पटकाविले. आंद्रेआसने जायंट स्लालममध्ये स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कच्या खालोखाल रौप्यपदक घेतले. सुमारे २५ हजार वस्तीचा हा देश त्या सामन्यांच्या पदकतालिकेत सहावा आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि फिनलंड त्याच्या खाली होते. त्याच मोसमात जागतिक चषकाचे सर्वंकष विजेतेपदही स्त्रियांत हान्नीला व पुरुषांत आंद्रेआसला मिळाले.

या वैभवाच्या क्षणी देशांतर्गत स्थिती कशी होती, हे पाहणे अगत्याचे आहे. १९८० मध्ये लिख्टेनश्टाइनमधील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार नव्हता. १९७१ आणि १९७३ मध्ये हा प्रश्न पुरुष मतदारांपुढे ठेवण्यात आला होता व दोन्ही वेळा त्यांनी तो फेटाळला होता. १९७६ मध्ये फाडुट्स या राजधानीने गावपातळीवर स्त्रियांना प्रथम मताधिकार दिला, पण राष्ट्राची दारे बंदच राहिली. म्हणजे ज्या स्त्रीच्या विजयामुळे देशाचा ध्वज जगापुढे सर्वांत उंच चढला, तिला त्या देशाच्या विधिमंडळासाठी मत देता येत नव्हते. तिच्याबरोबर पदक घेऊन परतलेल्या भावाचे लिंगच त्याला या हक्कास पात्र करीत होते. एका घरातील दोन भावंडांच्या उदाहरणात ही विसंगती जितकी उघडी पडते तितकी ती कायद्याच्या कोणत्याही कलमात दिसत नाही.

चळवळ थांबली नव्हती. १९८१ मध्ये काही स्त्रियांनी एकत्र येऊन शंभर वर्षे झोपी गेलेल्या राजकन्येच्या परीकथेवरून नाव घेतलेली एक संघटना उभारली. १९८२ मध्ये मताधिकारासाठी घटना-न्यायालयाकडे केलेला अर्ज नामंजूर झाला, तेव्हा आंदोलक स्त्रियांनी १९८३ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे युरोप परिषदेपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. लिख्टेनश्टाइन १९७८ पासून त्या परिषदेचा सदस्य होता, हे येथे महत्त्वाचे. बाहेरच्या जगात स्थान मिळविले की त्या जगाच्या नजरेलाही तोंड द्यावे लागते.

१९८४ च्या फेब्रुवारीत सारायेव्हो येथे उर्सुला कोन्त्सेटने स्लालममध्ये आणि आंद्रेआस वेंत्सेलने जायंट स्लालममध्ये कांस्यपदक मिळविले. हान्नीला मात्र तेथे उतरता आले नाही. जाहिरातींचे मानधन महासंघाच्या द्वारे न घेता थेट स्वीकारणाऱ्या खेळाडूंना त्या वेळच्या हौशीपणाच्या नियमांनी ऑलिंपिकबाहेर ठेवले होते. स्टेनमार्कवरही हाच प्रसंग आला. त्याच वर्षी १ जुलै रोजी पुरुष मतदारांनी स्त्रियांच्या मताधिकारास मान्यता दिली. अनुकूल मते ५१.३ टक्के पडली. १९८६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी विधिमंडळासाठी प्रथमच मतदान केले.

येथे अनुमानाच्या बाबतीत सावधगिरी बाळगली पाहिजे. हान्नीच्या सुवर्णपदकांमुळे स्त्रियांना मताधिकार मिळाला, असे म्हणणे हे काळाच्या क्रमाला कार्यकारणभाव समजण्यासारखे होईल. मताधिकार मिळाला तो अनेक वर्षे चाललेल्या स्त्रियांच्या प्रयत्नांनी, बाहेरच्या दडपणाने आणि गावोगाव हळूहळू बदललेल्या मनोवृत्तीने. आणि इतके होऊनही विरोधी मते जवळजवळ निम्मी होती. पदकांचे वैभव मनोवृत्ती बदलण्यास पुरेसे असते तर १९८० नंतर चार वर्षे लागली नसती आणि बहुमत इतके निसटते आले नसते. निष्कर्ष काढावयाचा तो एवढाच की, प्रतिनिधित्व आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्र एखाद्या व्यक्तीला आपला चेहरा म्हणून जगापुढे मिरवू शकते आणि त्याच वेळी तिचे मत विचारात घेण्याचे नाकारू शकते. मोठ्या राष्ट्रांतही हे घडते, पण तेथे ते गर्दीत लपून जाते. लहान राष्ट्रात माणसे मोजकी असल्यामुळे ते उघड दिसते.

१९८८ मध्ये कॅलगरी येथे पाउल फ्रोमेल्टने स्लालममध्ये कांस्यपदक मिळविले आणि त्यानंतर तीस वर्षे या देशाच्या हाती पदक लागले नाही. या मधल्या काळात, १९९० मध्ये, लिख्टेनश्टाइन संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. राष्ट्रसंघाने नाकारलेले स्थान त्याला सत्तर वर्षांनी मिळाले. ऑलिंपिकने ते चौपन्न वर्षे आधी दिले होते. राज्यांच्या परिषदा बळ मोजत होत्या तेव्हा क्रीडांगणाने या देशाला नावाने हाक मारली, हे ऑलिंपिक चळवळीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु क्रीडांगणाची मान्यता राष्ट्राला मिळते. राष्ट्रातील माणसाला हक्क मिळतो तो घरातूनच.

२०१८ मध्ये प्यॉंगचांग येथे टीना वायराटर हिने सुपर-जी शर्यतीत कांस्यपदक मिळविले. ती हान्नी वेंत्सेलची कन्या. तिचे वडील हार्टी वायराटर हे ऑस्ट्रियाचे १९८२ मधील डाउनहिलचे जगज्जेते. आईने देशासाठी सुवर्णपदके जिंकली तेव्हा तिला मत नव्हते. १९८९ मध्ये, मताधिकाराच्या निर्णयानंतर पाच वर्षांनी जन्मलेल्या मुलीने त्याच ध्वजाखाली पदक घेतले तेव्हा ती त्या राज्याची पूर्ण नागरिक होती. रंगाने तिचे पदक आईच्या सुवर्णपदकांहून कमी प्रतीचे असले, तरी या देशाच्या इतिहासात त्याचे स्थान त्यांहून कमी नाही.