एकच शाफ्ट

सिस्टिम डिझाइन करताना आम्ही 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून घसा कोरडा करतो. इंग्लंडमधल्या हार्टली कोळसाखाणीत तो पॉइंट म्हणजे एकुलता एक शाफ्ट, विहिरीसारखी उभी वाट. मध्ये लाकडी पार्टिशन. एका बाजूने हवा आत, दुसरीने बाहेर. माणसं, कोळसा, पंपाचे पाइप, सगळं त्यातूनच. १६ जानेवारी १८६२ ला पंपाच्या इंजिनाची चाळीसेक टनांची बिडाची तुळई मोडली आणि अर्धी थेट शाफ्टमध्ये कोसळली. वाट बंद, हवाही बंद! ढिगारा उपसून खाली पोचायला सहा दिवस लागले. तोवर विषारी वायूने सगळे गेले होते. एकूण २०४ बळी, त्यात कोवळी पोरंही. दुसरा शाफ्ट म्हणजे जादा खर्च (आमच्याकडे बॅकअपचं बजेट असंच उडतं, असो). त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने दोन शाफ्ट सक्तीचे केले.