बहिष्कृत आणि दरिद्री : रत्नागिरी जिल्ह्यांतील दोन वाटा

सरकारी ठरावांची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत, एवढाच त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यांत सरकारनें त्यावर हुकूम काढला. स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती खातेप्रमुखांस आज्ञा झाली. म्युनिसिपालिट्या आणि लोकलबोर्डें यांच्या ताब्यांतील जागांविषयीं मात्र, हा ठराव मान्य करणें इष्ट आहे कीं काय याचा त्या संस्थांनीं विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनीं त्यांस द्यावा, असें ठरलें. ही आज्ञा नव्हे, सल्ला. आणि सल्लाहि कृतीचा नव्हे, कृतीच्या इष्टतेचा विचार करण्याचा. इतक्या लांब दोरानें पाणी वर येतें कीं नाहीं, हें विहिरीवर घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसानेंच पाहावयाचें होतें.

असें सल्ल्याचें राजकारण एकट्या मुंबई इलाख्यानेंच केलें असें नाहीं. सन २००० च्या मार्च महिन्यांत युरोपीय संघांतील राष्ट्रांचे प्रमुख लिस्बन येथें जमले आणि पुढील दहा वर्षांत दारिद्र्याच्या निर्मूलनास निर्णायक गति देण्याचा संकल्प त्यांनीं सोडला. त्यासाठीं जी रीत निघाली ती आपल्या ओळखीची वाटेल. उद्दिष्टें समाईक असावीं, प्रत्येक राष्ट्रानें आपापली योजना आखावी, ठराविक मापांनीं प्रगति मोजावी, एकमेकांच्या कामाकडे पाहून शिकावें. परंतु जो कांहींच करणार नाहीं त्यास दंड नाहीं. २०१० सालीं त्या संघानें दोन कोट माणसें दारिद्र्याच्या छायेंतून बाहेर काढण्याचें लक्ष्य २०२० पर्यंत गांठण्याचें ठरविलें. तें गांठलें गेलें नाहीं. ज्या संघांत एका राष्ट्राचें पार्लमेंट दुसऱ्या राष्ट्राच्या कर्तृत्वावर हुकमत चालवूं शकत नाहीं, तेथें सल्ल्याखेरीज दुसरें साधन नव्हतें, हेंहि खरें. मुंबई सरकारची गोष्ट निराळी होती. महाडची म्युनिसिपालिटी हें कांहीं परराष्ट्र नव्हतें.

तरी युरोपीय मुत्सद्द्यांनीं एक गोष्ट बरोबर ओळखली होती, ती ही कीं, दारिद्र्य आणि समाजबाह्यता हीं दोन्हीं एकाच वाक्यांत घातलीं पाहिजेत. समाजबाह्यता या अर्थाचा शब्द तिकडे रूढ झाला तो १९७४ सालीं फ्रान्समध्यें रने लनवार यांनीं लिहिलेल्या पुस्तकापासून, असें सांगतात. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनीं १९२४ सालीं सभा काढली तिचें नांव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ सालीं पत्र काढलें त्याचें नांव बहिष्कृत भारत. म्हणजे शब्द आपल्याजवळ पन्नास वर्षें आधीं होता. जें नव्हतें तें काय, याचा शोध घेण्यास रत्नागिरी जिल्ह्यासारखें दुसरें स्थळ नाहीं.

हा जिल्हा डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टींत वसलेला. वरकस जमीन फार, भाताचीं खाचरें थोडीं. पीक घरांत चार-सहा महिने पुरावें आणि पुढें मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट पाहावी, हा येथील शेंकडों घरांचा पिढीजात क्रम. मुंबईच्या गिरण्यांस माणसें पुरविण्यांत या जिल्ह्याचा वांटा फार मोठा होता. पण माणूस गांव सोडून जाई तो केवळ जमीन खडकाळ म्हणून नव्हे. जी होती ती त्याची नव्हती म्हणूनहि.

बहुतेक गांवें खोतीचीं. खोत हा गांवचा वसूलदार. सरकारचा धारा त्यानें आपल्या जबाबदारीवर भरावयाचा आणि कुळांकडून आपला हिस्सा घ्यावयाचा. तो मूळचा मालक होता, कीं वसूल करतां करतां मालक झाला, हा वाद एकोणिसाव्या शतकांत पैमाशीचे अधिकारी आणि खोतवर्ग यांच्यांत मोठ्या निकरानें चालला. खोतांची बाजू रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या विद्वानानें मांडली. तडजोड म्हणून १८८० चा खोती कायदा झाला. कुळाच्या दृष्टीनें हा वाद पुष्कळसा वरच्या मजल्यावरचा होता. खालीं अर्धेल म्हणजे निम्में भात, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, हे शब्द चालूच राहिले. आणि हिश्शाखेरीज वेठ होती, ती निराळी. कुळांत कुणबी होते, भंडारी होते, महारहि होते. खोत बहुधा ब्राह्मण, पण मराठे आणि मुसलमान खोतहि होते; तेव्हां हा प्रश्न एका जातीचा म्हणून निकालांत काढणें बरोबर नाहीं.

बोले यांच्या ठरावाचें पुढें काय झालें, तें याच गांवगाड्यावर नजर ठेवून पाहिलें पाहिजे. लगतच्या कुलाबा जिल्ह्यांतील महाडची कथा सर्वश्रुत आहे. तेथील म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला; तळ्यावर मात्र कोणी अस्पृश्य गेला नाहीं. ऑगस्ट १९२६ मध्यें बोले यांनीं पुन्हां ठराव आणला, कीं जीं म्युनिसिपालिट्या व बोर्डें हें मानीत नाहींत त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये. म्हणजे तीन वर्षांत त्या गृहस्थांस कळून चुकलें होतें कीं, सल्ल्याच्या शेपटास दंड बांधल्यावांचून तो हलत नाहीं. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशीं गांवांत त्यांच्या माणसांस मार बसला. पुढें म्युनिसिपालिटीनें आपला ठराव रद्द केला, आणि योगायोग असा कीं रद्द केल्याची तारीखहि ४ ऑगस्टच. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला तो १९३७ च्या मार्चांत. एका घागरीस चौदा वर्षें लागलीं.

रत्नागिरी शहरांत याच काळांत दुसरी चळवळ चालली होती. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत तेथें स्थानबद्ध होते. राजकारण करावयाचें नाहीं, या अटीमुळें त्यांची सारी शक्ति समाजकारणाकडे वळली. शाळांतून अस्पृश्य मुलांस इतरांबरोबर बसवावें, याविषयीं सरकारी आज्ञा होती. परंतु कागदावर एकत्र आणि वर्गांत वेगळीं, हा प्रकार ओळखून ते व त्यांचे सहकारी शाळोशाळीं जाऊन पाहूं लागले. ठरावाची अंमलबजावणी म्हणजे काय, हें या हिंडण्यानें जितकें शिकविलें तितकें कोणत्याहि परिपत्रकानें शिकविलें नसेल. जुन्या देवळांचे पंच दार उघडीनात, तेव्हां भागोजी बाळोजी कीर या दानशूर भंडारी गृहस्थानें स्वतःच्या पैशानें पतितपावन मंदिर बांधलें. ता. २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितींत तें सर्व हिंदूंस खुलें झालें. पुढें सहभोजनें झालीं, १९३३ सालीं सर्वांसाठीं उपाहारगृहहि निघालें. या कामाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु नवें देऊळ बांधावें लागलें, याचाच अर्थ जुनीं देवळें तशींच राहिलीं; ही बाब त्या काळच्या कौतुकाच्या भरांत पुष्कळांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

आणि त्याच जिल्ह्यांत, शहरापासून दूर नसलेल्या चिपळुणास, १९२९ च्या एप्रिलांत शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, विषय खोती. त्यांचें मूळ गांव आंबडवें मंडणगड तालुक्यांतलें, आणि वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीस राहिलेले. त्याच दापोलींत गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त शिपायानें १८८८ सालीं ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेस जाहीर प्रश्न विचारले होते. चिपळुणची परिषद त्या प्रश्नांचीच पुढची पायरी होय. फरक एवढाच कीं येथें महार आणि कुणबी एका मागणीखालीं उभे राहत होते.

पतितपावन आणि चिपळूण, या दोन वाटा कोठें मिळाल्या काय? माझ्या मतें नाहींत. एकीकडे पंक्ति, देऊळ, शाळा. दुसरीकडे धारा, हिस्सा, वेठ. सावरकरांस राजकारणाची बंदी होती आणि जमिनीचा प्रश्न उचलला असता तर सरकारनें तो राजकारणांतच मोजला असता, हें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. पण शहरांतील सुशिक्षित वर्ग आणि खेड्यांतले खोत पुष्कळदां एकाच गोतावळ्यांतले होते, हेंहि विसरून चालणार नाहीं. देवळांत अस्पृश्यास शेजारीं उभें करणें अनेकांस मानवलें. त्याच माणसाच्या अर्धेलींतली एक पायली सोडणें ही निराळी गोष्ट होती. इकडे कुळास मात्र हा भेद करतां येत नव्हता. पाणवठ्यावर पाऊल टाकणारा माणूस आणि खाचरावरून उठविला जाऊं शकणारा माणूस एकच होता. पहिल्या हक्कासाठीं दुसऱ्याची किंमत मोजावी लागेल कीं काय, या भयानेंच किती विहिरी कोरड्या ठणठणीत राहिल्या असतील.

सरकारनेंहि या दोन गोष्टी एकत्र पाहण्याचा एक प्रयत्न केला. १९२८ सालीं स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं दलित व आदिवासी वर्गांची चौकशी करणारी समिति नेमली गेली, तींत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा होते. १९३० च्या अहवालांत शिक्षण, नोकऱ्या, जमिनी, पाणवठे या साऱ्यांचा विचार आहे, आणि या वर्गांसाठीं स्वतंत्र खातें निघालें तें त्यांतूनच. कल्पना योग्य होती; परंतु खातें स्वतंत्र झालें म्हणजे इतर खात्यांस तो विषय आपला नव्हे असें वाटूं लागतें, हा कचेऱ्यांचा स्वभावच आहे. खोतीचा निकाल अर्थातच महसूल खात्याकडे.

ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या असेंब्लींत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. त्यांत खोतांस नुकसानभरपाई द्यावयाची होती. तें लुटारूपणाचें बिल नव्हतें. १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील हजारों शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून गेले. मुख्य प्रधान होते बाळासाहेब खेर, आणि ते रत्नागिरीसच जन्मलेले! मंडळींचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें, बिल मात्र पुढें सरकलें नाहीं. पुढच्या वर्षीं तें मंत्रिमंडळ महायुद्धाच्या प्रश्नावर पायउतार झालें.

युद्धानंतर तेच खेर पुन्हां अधिकारावर आले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत दोन्ही गांठी सुटूं लागल्या. सामाजिक अपात्रता दूर करण्याचा कायदा १९४६ चा, हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा १९४७ चा, आणि खोती नष्ट करणारा १९४९ चा. या तिन्ही कायद्यांत इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला कोणास दिलेला नाहीं. चिपळुणच्या परिषदेपासून खोतीच्या कायद्यापर्यंत वीस वर्षें गेलीं. त्या वीस वर्षांत ज्यांनीं मुंबईची वाट धरली त्यांतले कित्येक परत आले नाहींत. त्यांच्या खाचरांवर नांव कोणाचें लागावें, हा प्रश्न पुढें तलाठ्याच्या दप्तरांत गेला.