मॅग्नेशियमचा पत्रा का तडकतो?

खालापूर तालुक्यातील खोपोली परिसर पोलादी पत्र्याच्या कोल्ड रोलिंगसाठी परिचित आहे. पोलाद थंड अवस्थेत लाटता येते आणि साच्यात दाबून त्याची मोटारीची दारेही घडविता येतात. मॅग्नेशियमची घनता मात्र केवळ १.७४, म्हणजे पोलादाच्या पाव हिश्शाहूनही कमी. वाहनाचे वजन घटले की इंधन वाचते. तरीही हा हलका पत्रा कारखान्यांत फारसा रुळलेला नाही. याचे एक मोठे कारण त्याच्या स्फटिकरचनेत दडलेले आहे.

धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा समूह असतो. हे कण बहुसंख्येने एकाच दिशेला वळले की त्या मांडणीस शास्त्रज्ञ 'टेक्स्चर' म्हणतात. मॅग्नेशियमचा स्फटिक षट्कोनी असतो. सामान्य तापमानाला त्याचे थर प्रामुख्याने षट्कोनाच्या तळाला समांतर अशा प्रतलांवरूनच सहज सरकतात.

रुळांचा दाब पडताच हे कण हळूहळू वळतात आणि त्यांची तळप्रतले पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर होतात. काही कणांत 'जुळे स्फटिक' तयार होतात. त्या भागातील रचना एकदम सुमारे ८६ अंशांनी फिरते आणि तीही याच मांडणीत सामील होते. मग स्थिती पत्त्यांच्या कॅटसारखी होते. पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात, पण वरून कितीही दाबले तरी कॅट पातळ होत नाही. पत्र्याची जाडी कमी होण्याचा सोपा मार्ग असा बंद होतो आणि कडांना तडे जातात.

यावर पहिला उपाय उष्णतेचा. तीन टक्के अॅल्युमिनियम व एक टक्का जस्त असलेला 'एझेड३१' हा प्रचलित मिश्रधातू साधारणपणे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला लाटतात. या तापमानाला इतर प्रतलेही सरकू लागतात. मात्र पत्रा पुन्हा पुन्हा तापवावा लागल्याने खर्च वाढतो. दुसरा उपाय म्हणजे सिरियम, इट्रियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये किंवा कॅल्शियम अल्प प्रमाणात मिसळणे. त्यामुळे कणांची दिशा विखुरते आणि पत्रा अधिक घडणसुलभ होतो. वरच्या व खालच्या रुळांचा वेग भिन्न ठेवूनही ही मांडणी काहीशी तिरपी करता येते.

कणांची दिशा क्ष-किरणांनी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजतात. पवईच्या आयआयटीमध्ये त्यासाठी राष्ट्रीय सुविधा आहे. याच संस्थेत डिसेंबर २०११ मध्ये या विषयावरील सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती.